इशारायंत्राच्या तीस दिवसांच्या परीक्षेबाबत दाजींस

॥ श्री वीतरागाय नमः ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
दिनांक ८ ऑक्टोबर, बुधवार

तीर्थस्वरूप दाजी यांस,

बाळासोचा साष्टांग नमस्कार आणि जयजिनेंद्र. (दोन्ही शब्द पूर्ण लिहिले आहेत. नमस्काराची नुसती आद्याक्षरे लिहावीत आणि वाचणाऱ्याने ती सोडवून घ्यावीत, ही पद्धत मला नमस्कारात काटकसर केल्यासारखी वाटते.) आपला गुडघा, आक्काचा रक्तदाब आणि कारखान्यातील नवे सहा माग ही तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. गुडघ्याबद्दल मागील पत्रात आपण ‘बरा आहे’ एवढेच लिहिले होते, डावा की उजवा हे लिहिले नव्हते. तरी कृपया खुलासा व्हावा. इकडे सुरेखा व मी खुशाल आहोत. आपली कन्या अपूर्वा हीही आमच्याकडे खुशाल असून हे पत्र तिच्याविषयीच आहे.

सात सप्टेंबरला आपण आमच्याकडे आला होता. परत जाताना, एक पाय गाडीत ठेवून, आपण मला जी जबाबदारी दिली ती मी त्याच संध्याकाळी आपल्याच शब्दांत उतरवून ठेवली आहे, ती अशी: ‘बाळासो, तू कॉमर्स शिकल्याला माणूस. महिनाभर डोळ्यांत तेल घालून बघ. पोरीच्या त्या यंत्रात एक जरी चूक घावली, तर दिवाळीच्या आत तिला कबनूरला आणून सोड. पतसंस्थेतली खुर्ची मी चेअरमनला सांगून धरून ठेवलीया.’ त्यावर सुरेखाने, ‘आणि चूक घावली न्हाई तर?’ असे विचारले होते. आपण दार लावून घेत ‘मग बघू’ म्हणालात. मी ‘मग बघू’ हेही लिहून ठेवले आहे. महिना काल पूर्ण झाला. त्याचा हा अहवाल. फोनवर सांगता आला असता, परंतु मागांच्या आवाजात आपल्याला निम्मे ऐकू येते, आणि हा विषय निम्मा ऐकण्यासारखा नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. अपूर्वा सट्टा खेळत नाही. तिच्याकडे एकही बिटकॉइन नाही, माझ्याकडे नाही, आणि हा विषय निघाल्यापासून सुरेखाही शपथेवर सांगते की तिच्याकडे नाही. बिटकॉइन हे हातात न येणारे नाणे आहे. त्याचा भाव पहाटे, दुपारी, रविवारी, सणावारी आणि ग्रहणातसुद्धा बदलतो. या बाजाराला वर्षातून एकही सुट्टी नाही हे समजल्यावर मला, एकतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला, त्या बाजाराची कीव आली. ज्यांनी त्यात पैसे घातले आहेत त्यांना सतत डोळे लावून बसणे शक्य नसते. म्हणून ते अपूर्वाला सांगतात की भाव अमुकच्या वर गेला किंवा तमुकच्या खाली आला तर मला उठव. भावाने ती रेघ ओलांडली की एका मिनिटाच्या आत त्यांचा फोन वाजतो, एक बाई शांतपणे ज्याचा इशारा त्याचे नाव आणि भाव सांगते आणि पोच म्हणून ‘एक’ दाबायला सांगते. तीन मिनिटांत पोच आली नाही, तर यादीतील पुढच्या माणसाला फोन जातो. एवढेच. (आपण त्या दिवशी ‘मशीन कुठं हाय?’ म्हणून तिच्या खोलीतील पलंगाखाली वाकून पाहिले होते. मशीन असे काही नाही. दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या संगणकावर तिने लिहिलेला मजकूर चालत असतो. ‘यंत्र’ हा शब्द मी केवळ आपल्या सोयीसाठी वापरत आहे.)

परीक्षेची पद्धत मी स्वतः ठरवली. दोनशे पानांची वही घेतली, तीत रेघा मारून सहा रकाने केले आणि मर्यादेचे आकडे अपूर्वाला न सांगता मीच भरू लागलो. मर्यादा चालू भावाच्या अगदी जवळ ठेवत असल्याने दिवसातून एखादा तरी इशारा हटकून येई. संगणकाच्या पडद्यावर भावाने रेघ ओलांडल्याची वेळ दिसे, ती तिसऱ्या रकान्यात लिहायची. फोन वाजला की समोरच्या भिंतीवरील घड्याळात पाहून ती वेळ चौथ्या रकान्यात. पाचव्यात फरक, आणि सहाव्यात शेरा. पहिल्याच दिवशी फरक चार मिनिटे निघाला. दुसऱ्या दिवशी चार मिनिटे, तिसऱ्या दिवशीही चार. एका मिनिटाचे वचन आणि चार मिनिटांचा उशीर! सातव्या दिवशी सात नोंदी झाल्या, सातही नापास, आणि मी जड अंतःकरणाने आपल्याला पत्र लिहायला घेतले. (त्या पत्राचा मायना आजच्यापेक्षा चांगला साधला होता, ते जाऊ द्या.) पाकिटावर कबनूरचा पत्ता लिहून झाला होता. पोरीला न सांगता पाठवणे योग्य नव्हे, म्हणून वही तिच्यापुढे ठेवली.

दाजी, तिच्या जागी मी असतो तर रडलो असतो किंवा भांडलो असतो. तिने वही हातात घेतली, पाचव्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवले आणि म्हणाली, ‘मामा, सातही वेळा बरोबर चारच? खरोखर उशीर झाला असता, तर कधी दोन मिनिटे झाला असता, कधी सहा. चूक एवढी शिस्तीची नसते. तुम्ही कुठलं घड्याळ बघता?’

मी भिंतीकडे बोट दाखवले. त्या घड्याळाविषयी आमच्या घरात कधी चर्चाच झालेली नाही, इतका माझा त्यावर विश्वास. स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज थांबला आणि सुरेखा म्हणाली, ‘ते व्हय? ते चार मिनिटं पुढं हाय. मीच केलंय. अकरा वर्षं झाली की.’ का केले, असे मी विचारले. ‘का म्हंजे? दिवस मावळायच्या आत तुमचं जेवण व्हायला पायजे. तुम्ही घड्याळात बघितल्याबिगर पाटावर बसत न्हाई. मग घड्याळालाच सांगितलं.’

या खुलाशाचा माझ्यावर झालेला परिणाम मी थोडक्यात सांगू शकत नाही. अकरा वर्षे माझा मोबाइल चार मिनिटे मागे आहे असे मी मानत आलो होतो. आमच्या शाखेतील घड्याळही चार मिनिटे मागे असल्याबद्दल मी मुख्य कार्यालयाला तीन वेळा लेखी कळवले होते, आणि तिसऱ्या पत्रानंतर शाखाधिकाऱ्यांनी, माझ्या पत्रांना उत्तरे देण्यापेक्षा सोपे म्हणून, ते चार मिनिटे पुढे करून घेतले होते. म्हणजे शाखेचे विलीनीकरण होईपर्यंत राजारामपुरीतील एक आख्खी बँक सुरेखाच्या घड्याळावर उघडत आणि मिटत होती. माझ्या निरोपसमारंभात तीन वक्त्यांनी माझ्या वक्तशीरपणाचा गौरव केला. त्यातील चार मिनिटांचा गौरव मी हा खुलासा झाला त्या संध्याकाळी सुरेखाला अर्पण केला. तिने ‘बरं’ म्हटले. घड्याळ मात्र आजही तसेच आहे, कारण ते नीट करायला ती हात लावू देत नाही. सातही नोंदींतून चार मिनिटे वजा केली असता उशीर प्रत्येक वेळी एका मिनिटाहून कमी निघाला. पाकीट मी फाडून टाकले, तिकीट तेवढे काढून ठेवले. (तेच आज या पाकिटावर आहे.)

आता दुसऱ्या प्रकरणाकडे वळतो. ते सांगावे की नाही यावर सुरेखाचे व माझे दोन दिवस मतभेद होते. परंतु कबनूरला ते कधी ना कधी कोणाच्या तरी तोंडून पोचणारच, तर ते बिनचूक पोचलेले बरे.

इशारा कोणाकोणाला जावा या यादीसाठी अपूर्वाच्या अर्जात बारा ओळी आहेत. दोन नावे भरली तरी चालते, असे ती म्हणाली होती. पण अर्जातील रकाना रिकामा सोडणे मला आयुष्यात जमलेले नाही. मी बाराही ओळी भरल्या. पहिला मी, दुसरी सुरेखा, तिसरे शेजारचे दूध डेअरीवाले हंबीरराव, चौथा आमचा वायरमन जोतीराम, पाचवे जैन बस्तीत पूजा करणारे उपाध्ये, सहाव्या, दारावर भाजी घेऊन येणाऱ्या बयाबाई, आणि सातवी आक्का. (आक्काचे नाव सातवे का, असे तिने विचारल्यास, ते मानाच्या क्रमाने नसून घरापासूनच्या अंतराच्या क्रमाने आहे, असे कृपया सांगावे.) यांपैकी कोणालाही मी आगाऊ कल्पना दिली नाही. आगाऊ कल्पना दिल्यास ती परीक्षा कसली?

परीक्षेच्या तेराव्या दिवशी, वीस सप्टेंबरला, वद्य चतुर्दशी होती. चतुर्दशीला मी सायंकाळी पाच ते सहा मौन पाळतो, हे आपल्याला ठाऊक आहे. बाहेरच्या खोलीत चटईवर, पूर्वेकडे तोंड करून बसलो होतो. पाच वाजून चौदा मिनिटांनी भाव घसरला आणि फोन वाजला. उचलला की बाई भाव सांगणार आणि ‘एक’ दाबायला लावणार. आता दाजी, विचार करा. ‘एक’ दाबणे म्हणजे पोच देणे. पोच देणे म्हणजे ‘हो, कळले’ असे सांगणे. आणि ‘हो, कळले’ असे सांगणे हे बोलणे नव्हे तर काय? तोंड मिटून बोटाने बोललो तर मौन कशाचे राहिले? मी हात जोडून बसून राहिलो. फोन वाजून वाजून गप्प झाला. पाच सतराला सुरेखाचा फोन वाजला. तिने तो कापला. फोन कापणे म्हणजे ‘समजले’, अशी आमच्या घरची पहिल्यापासूनची रीत आहे. मी बँकेतून निघताना एक घंटी द्यायची आणि तिने ती कापून आमटी गॅसवर ठेवायची, असे आम्ही एकवीस वर्षे केले. यंत्राला ही रीत माहीत नव्हती. पाच वीसला ते नेमाने हंबीररावांकडे गेले, पाच तेविसाला जोतीरामकडे, पाच सव्विसाला उपाध्यांकडे.

पहिले आले ते हंबीरराव. अंगात बनियन, हातात दुधाचे माप, आणि आवाज जिन्याच्या दोन पायऱ्या आधी. ‘बाळासो! किती घातलंवतंस? आरं फंडाचं समदं घातलास काय? बोल की!’ मी अर्थातच बोललो नाही. तेवढ्यात जोतीराम खांद्यावरची पिशवी न उतरवताच आत आला आणि त्याने हंबीररावांना विचारले, ‘काय म्हणत्यात?’ हंबीरराव म्हणाले, ‘काय म्हणतोय, वाचाच गेलीया त्येची.’ मंडळींनी जरा थांबावे, सहा वाजता सगळे सांगतो, अशा अर्थाने मी हाताचा पंजा वर केला. (यात मौनाचा अंशतः भंग झाला. त्याची नोंद वेगळी ठेवली आहे.) जोतीराम दचकून म्हणाला, ‘पाच लाख!’ मी घाईने पंजा खाली घेतला. तेव्हा हंबीररावांनी कपाळाला हात लावून सांगितले, ‘पाच न्हाई, समदंच गेलंय.’ उपाध्ये आले ते पादत्राणे काढतानाच णमोकार मंत्र म्हणू लागले, आणि माझ्या समोर बसून त्यांनी माझ्या डोळ्यांत अशा करुणेने पाहिले की माझ्याकडे खरोखरच पैसे असते तर मी ते तिथल्या तिथे दान केले असते.

बयाबाईंना फोन गेला पाच एकोणतिसाला. एवढ्या सगळ्यांत त्या एकट्याच अशा निघाल्या, की ज्यांनी ‘एक’ दाबला. (मागाहून कारण विचारले तर म्हणाल्या, ‘ती बाई एवढ्या आर्जवानं सांगती, तर ऐकू नये व्हय?’) त्यांनी दाबलेल्या त्या एका बटणाने यंत्र थांबले. नाहीतर पाच बत्तिसाला आक्काचा फोन वाजला असता, आणि तिच्या रक्तदाबाचे काय झाले असते याची कल्पना मी आजही करू इच्छित नाही. बयाबाई आल्या त्या फडक्यात पिठले-भाकरी बांधून. आपल्याकडे ज्या घरी दुःख झाले त्या घरी चूल पेटू देत नाहीत, त्या रिवाजाने. माझ्यापुढे गाठोडे ठेवून म्हणाल्या, ‘दादा, जेवा. पैसं काय, ह्या पोटापायीच की सगळं.’

हा सगळा गलबला ऐकून सुरेखा पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. हंबीरराव तिला म्हणाले, ‘वैनी, घाबरू नगा. उद्यापासनं दूध आमच्याकडनं.’ सुरेखा म्हणाली, ‘आत्ता बी तुमच्याकडनंच येतंय की, भावजी.’ हंबीरराव म्हणाले, ‘तसं न्हवं, पैसं न घेता.’ तेव्हा कुठे तिच्या लक्षात आले की काहीतरी घडले आहे. तिने माझ्याकडे पाहिले. एकोणतीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे अनेक प्रकारे पाहिले आहे, परंतु हे पाहणे नवे होते. ‘तुम्ही घेतलंय व्हय ते?’ असे तिने अगदी हळू विचारले. दाजी, ‘नाही’ हा दोन अक्षरांचा शब्द बोलायला मला अजून बावीस मिनिटे बाकी होती. मान हलवणेही बोलण्यात मोडते असे मी स्वतःच पंज्याच्या वेळी ठरवून बसलो होतो. त्या बावीस मिनिटांत ती आत गेली नाही, माझ्याजवळ जमिनीवर बसून राहिली. हाताचे पीठ वाळले. मला वाटते, खरोखर सगळे गेले असते तरी ती अशीच बसली असती. ही माहिती मला एरवी मिळाली नसती, आणि ती वहीच्या कोणत्या रकान्यात लिहावी हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सहा वाजता मी बोललो. ‘एक रुपयाही घातलेला नाही. परीक्षा चालू आहे.’ मग हंबीरराव म्हणाले, ‘मग मघाशी बोलायला काय झालंवतं, मर्दा? माझं गिऱ्हाईक थांबलंय तिकडं!’ आणि खाली बसले ते जेवायलाच. सूर्यास्त सहा एकतीसला होता. सुरेखाने अठ्ठावीस मिनिटांत पिठले-भाकरी, वरण, भात आणि राजगिऱ्याची भाजी सगळ्यांच्या पानात वाढली. बयाबाईंचे पिठले हंबीररावांनीच संपवले.

मंडळी जेवत असताना कामानिमित्त बाहेर गेलेली अपूर्वा शाहूपुरीतून धापा टाकत आली. पाच माणसांना क्रमाने फोन गेले आणि पोच सहाव्याकडून आली, हे तिला तिच्या फोनवर दिसले होते. मला वाटले, ती हसेल किंवा माझ्यावर रागावेल. दोन्ही नाही. तिने भिंतीला टेकून बसून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: फोन आला तेव्हा तुम्ही नेमके काय केलेत? हंबीररावांनी सांगितले की त्यांनी त्या बाईशी सविस्तर वाद घातला. ‘म्हटलं, आदी तुझं नाव सांग. ती आपली तेच तेच. म्हटलं, आमच्या बाळासोला बुडवून वर मलाच दाब म्हणतीस व्हय?’ अपूर्वाने तेही लिहून घेतले. जोतीरामने माझे नाव ऐकताच गाडी चालू केली होती, पुढचे ऐकलेच नव्हते. उपाध्यांनी आदराने शेवटपर्यंत ऐकून, ‘बरं’ म्हणून फोन ठेवला होता. पोरगी लिहीत होती आणि मध्येमध्ये मान डोलावत होती, जणू हे लोक तिच्या कामात खोट काढत नसून तिला शिकवत आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने यंत्रात चार सुधारणा केल्या. आता बाई प्रथम सांगते की हा केवळ भावाचा इशारा आहे आणि सर्व मंडळी सुखरूप आहेत. फोन कापला, तर ते ‘समजले’ धरावे की नाही, हे प्रत्येक घराने आपल्या रीतीप्रमाणे ठरवायचे. यादीत कोणाचेही नाव त्याला विचारल्याशिवाय येत नाही. त्याला आधी फोन जातो आणि तो हो म्हणाला तरच नाव लागते. (हे कलम माझ्यामुळे आले. मी त्याखाली सही केली आहे.) आणि अर्जात एक नवा रकाना आहे: ‘या वेळेत मला फोन करू नये.’ मी तो भरला आहे. आमची बँक एक साधा अर्ज बदलायला दोन वर्षे घेत असे, दाजी. अर्ज कोणामुळे चुकला याची चौकशी करण्यातच त्यांतले दीड वर्ष जाई. या पोरीने चौकशी केली, पण कोणाला दोष लावला नाही. मला तर मुळीच नाही, आणि खरे तर ते सर्वांत सोपे होते.

निष्कर्ष असा. तीस दिवसांत एकूण एकेचाळीस इशारे नोंदले गेले. माझ्या निरीक्षणात यंत्राची एकही चूक आढळली नाही. माणसांच्या चुका नऊ आढळल्या, त्यांपैकी सहा परीक्षकाच्या आहेत. आपण माझ्या शिक्षणावर विश्वास टाकून हे काम दिलेत म्हणून नम्रपणे लिहितो की एकतीस वर्षांच्या नोकरीत इतक्या स्वच्छ डोक्याचे माणूस माझ्या पाहण्यात आले नव्हते, आणि ते माझ्या बहिणीच्या पोटी यावे याचा मला अभिमान आहे. पतसंस्थेतील खुर्ची चेअरमन साहेबांनी दुसऱ्या एखाद्या गरजूला द्यावी, असे माझे मत आहे. आक्काला नमस्कार. गुडघ्याचे अवश्य कळवावे.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
बाळासो भूपाल मगदूम, बी. कॉम.

ताजा कलम (९ ऑक्टोबर, सकाळी): वर ‘माझ्या निरीक्षणात’ असे दोन शब्द मी लिहिले आहेत. ते खरे आहेत, पण ते वाचून मला काल रात्री झोप लागली नाही, म्हणून हा खुलासा. तेविसाव्या दिवशी, तीस सप्टेंबरला, दुपारी दोन ते पावणेतीन यंत्र मुके झाले होते. जिथून भाव येतो तिथेच तो एका आकड्यावर अडकला, त्यामुळे बाहेर भाव घसरला तरी यंत्राला सगळे शांत दिसत राहिले. ही चूक मला दिसली नाही, कारण त्या वेळी परीक्षक वामकुक्षी घेत होते. मला उठवून सांगितले ते अपूर्वाने. ‘मामा, पाऊण तास ते आंधळं होतं. वहीत लिहा.’ मी म्हटले, अगं, मी तर पाहिलेच नाही. ती म्हणाली, ‘मी पाहिलंय ना.’ आपली अट काय आहे हे तिला पूर्ण ठाऊक होते. आता यंत्र तीन ठिकाणांहून भाव घेते, आणि भाव दोन मिनिटे हलला नाही तरी संशयाने फोन करते. परंतु चूक ती चूक. आपल्या अटीप्रमाणे अपूर्वाला दिवाळीच्या आत कबनूरला यावे लागेल. अट मोडावी असे मी म्हणणार नाही. मीच तिला घेऊन येईन.

आणखी एक: परीक्षकाचा परीक्षेच्या निकालात काही हितसंबंध असल्यास तो जाहीर करणे हे त्याचे कर्तव्य आहे, म्हणून जाहीर करतो. बंगळूरच्या एका कंपनीने माझ्या वहीच्या नकला मागवून घेतल्या, त्या वाचल्या आणि अपूर्वाचे यंत्र वर्षभरासाठी घेतले. ‘हे सहा रकाने ज्यांनी मारले आहेत तेच पुढेही तपासणी करतील ना?’ असे त्यांनी लेखी विचारले आहे. तिने हो म्हणून कळवले आणि मग मला विचारले. एक ऑक्टोबरपासून मी तिच्याकडे नोकरीला आहे. घरी बसल्यापासूनच्या चौदा महिन्यांत मला कोणी काही तपासायला दिले नव्हते. पगार किती, हे मी विचारलेले नाही. आयुष्यात एखादा आकडा न विचारण्याची ही माझी पहिलीच वेळ.

आणि शेवटचे, ज्यासाठी खरे तर हे पत्र लिहायला घेतले: वरील दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्यास आपल्या लक्षात येईल, की अपूर्वा कबनूरला आली तर तिची कचेरीही तिच्याबरोबर येणार, आणि कचेरी म्हणजे मी. तरी आपल्या घरी वरच्या मजल्यावरील एक खोली, दोन टेबले आणि पहाटे साडेचारला गरम पाणी यांची सोय करून ठेवावी. मुक्काम किती दिवस, हे आज सांगता येत नाही. फावल्या वेळात आपल्या कारखान्यातील कागदपत्रे मी वर्षवार लावून देईन. गेल्या वेळी ती मिठाईच्या खोक्यांत कोंबलेली पाहिल्यापासून मला स्वस्थता नाही. हे गैरसोयीचे वाटत असल्यास अट मागे घेतल्याचे एका ओळीत कळवावे, तारीख घालून. सुरेखाला हे पत्र वाचून दाखवले. ती एवढेच म्हणाली, ‘दाजींनी तुमास्नी न्यायला गाडी कवा पाठवायची ठरवलीया, तेवढं विचारा.’